वर्ष होऊ दे

३ ऑगस्ट, रविवार
खाली क्लबहाउसमध्ये आज फुकट वर्ग होता. बोर्डावर इंग्रजीत लिहिलेलं, अडचणीतल्या जोडप्यांसाठी, शरीरातून ट्रॉमा-हीलिंग. ट्रॉमा डिक्शनरीत पाहिला. जखम. मग जखमच लिहायचं की.

मुलगा-सुनेला, ध्रुव-मैत्रेयीला म्हटलं, जाऊन या. ध्रुव म्हणाला, आई, रविवार आहे. मैत्रेयी म्हणाली, केस धुवायचेत. दोघं जाईनात, म्हणून मी गेले. घरातलं एक माणूस शिकलं की पुरतं. मी नववीनंतर शाळा पाहिली नाही, तरी ह्यांच्या पेपरावरून इंग्रजी शिकलेच ना.

शिकवणारी पवित्रा. इथलीच, अनवाणी फिरते. ती म्हणाली, जे बोललं जात नाही ते शरीरात जाऊन बसतं. कुणाच्या जबड्यात, कुणाच्या पोटात, कुणाच्या खांद्यात. मला ताबडतोब पटलं. जबडा म्हणजे आमचा ध्रुव. पोट म्हणजे मैत्रेयी.

सगळे जोडीने बसलेले. मला जोडी नाही म्हणून पवित्रा स्वतः समोर बसली. म्हणाली, अक्का, तुमचं कुठे बसलंय? म्हटलं, माझं काही नाही, मी मुलांसाठी आलेय. ती म्हणाली, डावा हात वर करा. खांद्यापाशी अडकला. तो धुण्यामुळे. घरात मशीन आहे, पण येलहंक्याच्या जुन्या घरातल्या धुण्यामुळे.

निश्चय: ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या आत दोघांचं नीट करायचं. नोव्हेंबरपर्यंत भरपूर वेळ आहे.

४ ऑगस्ट
सकाळी मैत्रेयीने रोजच्यासारखी वेणी घातली. माझा हात मागे जात नाही, म्हणून ऑफिसची कॅब यायच्या आधी ती घालते. बोलत नाही, पण हात हलका आहे. आरशात तिचं तोंड दिसत होतं. तिला सांगितलं, तुझं पोटात बसलंय. ती म्हणाली, आई, मान सरळ.

दोन वर्षांपूर्वी तिचं बाळ पोटातच गेलं. ध्रुव तेव्हा कामासाठी हैदराबादला. ती एकटी कॅबने हॉस्पिटलात गेली. त्यावर घरात कुणी काही बोललं नाही. मीही नाही. तेव्हा पवित्रा माहीत नव्हती.

आता अशी तऱ्हा आहे की ती मला म्हणते, आई, ध्रुवला सांगा सिलेंडर संपलाय. ध्रुव समोरच बसलेला असतो.

१० ऑगस्ट, रविवार
पहिला धडा. चटई टाकली. दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं. एकमेकांचा श्वास ऐकायचा. मी खुर्चीत, हातात घड्याळ.

मला वाटलं होतं नाही म्हणतील. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुकाट बसले. ध्रुवच्या कानात मीटिंग चालू होती हे मागाहून कळलं. मैत्रेयी आधी हसली, मग डोळे पुसले. पवित्रा म्हणते रडू आलं की काम होतंय. म्हणजे होतंय.

मग तिघांनी चहा घेतला. मी दोन कप.

१३ ऑगस्ट
पुढचा धडा, अंग हलवणे. प्राणी घाबरले की नंतर अंग झाडतात आणि विसरतात, तसं. मुलांना शिकवण्याआधी स्वतः करून पाहावं म्हणून दुपारी एकटीनेच केलं. उड्या जरा जास्त झाल्या असतील.

खालच्या मजल्यावरचे कृष्णमूर्ती वर आले. म्हणाले, अम्मा, भांडण स्वल्प हळू करा, आमची मुलगी परीक्षेचा अभ्यास करतेय. त्यांना सांगितलं, घरात मी एकटीच आहे. त्यांनी आत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे. सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणत निघून गेले.

खांदा दुखतोय. उद्यापासून खांद्याचा व्यायाम करायचा.

२७ ऑगस्ट
यंदा आमच्याकडे गणपती नाही, सुतकाचं वर्ष. समोरच्या टॉवरमधली आरती ऐकू येत होती. हे आरती फार मोठ्याने म्हणत, आणि चुकीच्या चालीवर. असो.

सुट्टी होती, मोठा धडा घेतला. जोडीदाराने विचारायचं, कुठे दुखतं, आणि तिथे हात ठेवायचा. ध्रुवने विचारलं. मैत्रेयी चटईची कड सरळ करत राहिली. त्याने खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, तिथे नाही. त्याने हात काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला. कुकरची शिट्टी झाली तेव्हा उठलो.

प्रगती म्हणायची. जागा चुकली, पण हात उचलला.

रात्रीचं वाढताना म्हटलं, कुठे तरी फिरायला जा दोघं, मडिकेरी-बिडिकेरी. ध्रुव म्हणाला, वर्ष होऊ दे, आई. बापाचा मान ठेवतो मुलगा.

३० ऑगस्ट
वन्संचा, म्हणजे ह्यांच्या बहिणीचा, इंदिराबाईंचा येलहंक्याहून फोन. सगळं सांगितलं. म्हणाल्या, डॉक्टरीण झालीस म्हणायची. पेशंटांना विचारलंस का? म्हटलं, पेशंट खूष आहेत. म्हणाल्या, गिरीधर गेला तेव्हापासून तू एकदा तरी रडलीस का गं? म्हटलं, वन्सं, इथे नळाला पाणी यायची वेळ झाली.

इथे पाणी चोवीस तास असतं. त्यांना काय माहीत.

१४ सप्टेंबर, रविवार
फरक पडलाच. महिनाभर घरात भांडण नाही. सिलेंडरचं मैत्रेयी आता थेट ध्रुवला सांगते, तेही प्लीज म्हणून. तो थँक्यू म्हणतो. ह्यांनी मला जन्मात थँक्यू म्हटलं नाही, मीही कधी प्लीज म्हटलं नाही. ही पिढीच वेगळी.

ध्रुव अभ्यासिकेत झोपतो. अमेरिकेचे कॉल असतात. तिची झोपमोड नको म्हणून.

वर्षश्राद्ध झाल्यावर सत्यनारायण घालायचा. मैत्रेयीला विचारलं, पूजेला दोघं जोडीने बसाल ना? ती वेणी घालता घालता थांबली. म्हणाली, आधी वर्ष होऊ दे, आई. आता दोघं बोलतातसुद्धा एकसारखं.

५ ऑक्टोबर, रविवार
मैत्रेयीने तिचं कपाट रिकामं केलं. मन मोकळं झालं की माणूस पसारा काढतो, हे मी कुठेसं वाचलंय. तिच्या आईने दिलेली पितळेची भांडी कुठली ते विचारत होती. सगळी खाली काढून दाखवली. डबे, तपेली, एक चेपलेला गडू. तिला इतिहासात रस आहे हे माहीत नव्हतं.

ध्रुव वरण-भात शिकतोय. ती शेजारी उभी राहून सांगते, मोहरी आधी, आता हिंग. त्याने फोडणी जाळली. दोघं हसले. खूप दिवसांनी त्यांचं हसणं एका वेळी ऐकलं. मी हॉलमध्ये बसून दोनदा देवाचं नाव घेतलं.

खांद्याचा व्यायाम राहिला. सोमवारपासून.

२० ऑक्टोबर
पवित्रा लिफ्टमध्ये भेटली. म्हटलं, तुझा वर्ग लागू पडला. तिने दोघांची चौकशी केली नाही. म्हणाली, अक्का, तुम्ही झोपता का? म्हटलं, झोपते की. पलंगाच्या डाव्या बाजूला, कडेला. उजवी बाजू कुणाची म्हणून विचारलं तिने. माझा मजला आला.

तसा तो आमचा मजला नव्हता. दोन जिने चढून गेले. व्यायाम झाला.

९ नोव्हेंबर, रविवार
वर्षश्राद्ध. रघुपती गुरुजींनी सगळं व्यवस्थित केलं. पान घेऊन गच्चीवर गेलो, चौदाव्या मजल्यावर. कबुतरांसाठी जाळी आहे, तिच्या एका फटीजवळ पान ठेवलं. कावळा येईना. आमच्या ह्या व्हाइटफील्डात कावळे राहिलेत की नाही कोण जाणे. कबुतरं आली, गुरुजींनी हाकलली.

गुरुजी म्हणाले, त्यांची काही इच्छा राहिली असेल, तर बोलून टाका. मी पुढे झाले. म्हटलं, अहो, मुलांची काळजी करू नका. ध्रुव-मैत्रेयीचं आता छान चाललंय. मी लक्ष घातलंय.

तरी कावळा येईना. ध्रुव मान खाली घालून उभा होता. जबडा पुन्हा तसाच. ऊन वाढलं.

मग मैत्रेयी पुढे आली. म्हणाली, बाबा, आईंकडे आम्ही बघू. दोघंही. कुठेही असलो तरी.

तेवढ्यात वरून घार आली आणि वडा घेऊन गेली. ध्रुवने गुरुजींना विचारलं, घार चालते का? गुरुजी म्हणाले, आजकाल चालवून घेतो.

माझं बोलणं ह्यांना उशिरा पोचलं असणार. चौदावा मजला. ‘कुठेही असलो तरी’ हे कशाला म्हणाली ते कळलं नाही. पुण्याकडे, तिच्या माहेरी, म्हणायची पद्धत असेल.

१० नोव्हेंबर
चहा झाल्यावर दोघं समोर बसले. ध्रुवने सुरू केलं, त्याला जमेना तेव्हा मैत्रेयीने पूर्ण केलं. वेगळं व्हायचंय. ठरलं होतं मागच्याच वर्षी, दिवाळीच्या आधी. वकिलाकडे जायचं त्याच आठवड्यात हे गेले. मग ठरवलं, आईला एका वर्षात दोन नकोत. वर्ष होऊ दे.

मी विचारलं, मग रविवारची चटई, पाठीला पाठ, ते?

मैत्रेयी म्हणाली, रविवारी तरी तुम्ही पोटभर जेवत होता, आई. ध्रुव म्हणाला, आम्ही पवित्राला भेटून आलो होतो, दोघांना नाही जमणार हे तीही म्हणाली. पण म्हणाली, अक्कांना चालू ठेवू द्या, त्यांना गरज आहे.

मी म्हटलं, सरी.

मग म्हटलं, पोटावर ठेवायचा होतास हात. ध्रुव म्हणाला, माहीत होतं आई, तेव्हाही माहीत होतं. मैत्रेयीने त्याच्याकडे पाहिलं नाही. कप उचलून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

एक वाक्य सांगायला दोघं लागली. एकाने धरायचं, दुसऱ्याने पुरं करायचं. जोडप्याशिवाय असं कुणाला जमतं?

१४ नोव्हेंबर
मैत्रेयी गेली. इलेक्ट्रॉनिक सिटीत फ्लॅट घेतलाय, ऑफिसजवळ. बॅगा ध्रुवने खाली नेल्या. चेपलेला गडू तिने मागे ठेवला. विसरली असेल, म्हणजे न्यायला येईल.

निघण्याआधी वेणी घातली. आज घट्ट घातली, नेहमीपेक्षा. शेवटी रबर लावलं आणि डाव्या खांद्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली. मी म्हटलं, कॅब थांबलीय गं.

१८ नोव्हेंबर
वन्संचा फोन. वर्षश्राद्ध कसं झालं? म्हटलं, छान. कावळा ताबडतोब शिवला. मुलं कशी आहेत? म्हटलं, मजेत. त्यांना आमचं येलहंक्याचं घर झाडून घ्यायला सांगितलं. थोडे दिवस जाईन, हवापालट म्हणून.

ध्रुवने वरण-भात केला. मोहरी आधी घातली. दोघं जेवलो. तो म्हणाला, आई, केस बांधून देऊ का, व्हिडिओ बघून येईल मला. म्हटलं, काही नको.

उद्यापासून खांद्याचा व्यायाम.

डोकं खाजतंय. शुक्रवारची वेणी अजून सोडलेली नाही. सोडली तर परत घालता येणार नाही, एवढंच कारण.