माणूस, ड्रोन आणि ऊस

३ जानेवारी
इंजिनिअरिंग सोडलं ते बरंच झालं. कलाकाराला अटेंडन्स मागणं हा गुन्हा आहे. (सरांशी भांडण मीच उकरून काढलं, तो भाग वेगळा.) निर्णय: कराडला फोटोंचं प्रदर्शन. विषय: देह, यंत्र, निसर्ग. कॉलेजातली सृष्टी बघेल, हेलावेल, लग्नाला हो म्हणेल.

६ जानेवारी, सकाळी ७.१०
टायमर लावून उसात उघडा उभा राहिलो. पाल्यानं अंग कापलं. फोटोत बरगड्या कुठल्या आणि ऊस कुठला, कळत नाही. दोष लेन्सचा. आईनं विचारलं, कापडं काय उंदरानं न्हेली का रं? आईला आर्ट कळत नाही.

९ जानेवारी
मॉडेल मिळाला. दोस्त मल्हार, ड्रोननं उसावर औषध फवारतो. शर्ट काढायला लाजत होता. काढला. मान वर, डोक्यावर ड्रोन, खांद्यावर कोवळं ऊन. क्लिक करतच राहिलो. तो म्हणाला, आटप गड्या, लय गारठलोय.

१८ जानेवारी
हॉलवाला म्हणाला, इथं वधूवर मेळावे होतात, उघडी माणसं टांगायची न्हाईत. त्याची अक्कल काढली. हॉल गेला. उद्यापासून रागावर ताबा.

२० जानेवारी
चौदा फोटो सृष्टीला व्हॉट्सअ‍ॅप केले. उत्तर आलं! लय भारी म्हणाली. हा कोण, असंही विचारलं. म्हणजे कलेच्या मुळाशी जाते आहे. मल्हारचा नंबर मागितला. ड्रोनची माहिती हवी असेल. दिला.

१४ फेब्रुवारी
सृष्टीचा फोन बिझी. मल्हारचाही. आमच्या कडेगावात नेटवर्कच नाही.

२ मार्च
मल्हार घरी आला. खाली बघत म्हणाला, विश्वा, राग धरू नगंस, सृष्टीच्या घरचे येऊन गेले, सुपारी फुटली. मी त्याच्या कानाखाली वाजवली. हात माझाच सुजला.

९ मार्च
एसटी स्टँडसमोर त्यांच्या साखरपुड्याचा फ्लेक्स लागला. दहा बाय पंधरा. फोटो मीच काढलेला, उसातला. फ्लेक्सवाल्या सयाजीनं मल्हारला कोट घातलाय, शेजारी सृष्टी चिकटवलीय आणि ड्रोन पुसून तिथं गणपती बसवलाय. मल्हार भक्तिभावानं वर बघतोय. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत अकरावा मी. फोटो कॉलेजच्या आयडीवरचा.
जवळ जाऊन बघितलं. ऊस शार्प आलाय.