तळघरातला कोबा आणि तुमचा शेठ

अहो,

कागदावरसुद्धा तुमचं नाव लिहायला हात धजत नाही, म्हणून नेहमीसारखं अहोच. बेचाळीस वर्षांचा संसार या एका शब्दावर झाला, एक पत्रही होईल.

तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. आजच लिहायला बसले, कारण उद्या रविवार. उद्या निलेश तुमच्या शेठला गाडीत घालून टिटवाळ्याला, माझ्या भावाकडे कायमचा सोडून येणार, असं ठरलं होतं. मीच ठरवलं होतं. त्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालीय आणि ती तुमच्याशिवाय कुणापुढे कबूल करू? मुलगा-सून सकाळीच कामाला जातात. दिवसभर मला कुणी ‘अगं’ म्हणत नाही हो!

कुत्र्याचं नाव शेठ ठेवणारे अख्ख्या कळव्यात तुम्ही एकटेच. “कुत्रा नाय तो, शेठ हाय. कामधंदा काय नाय, बसून खातो,” असं सगळ्यांना ऐकवायचात.

आपलं जुनं घर पाडून बिल्डिंग झाली, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, तळघरात ही एक खोली मिळाली. वरच्या टाइल्सवर तुमचे पाय घसरायचे. मिठागरात चालून कमावलेले ते पाय, त्यांना ती चकाकी मानवली नाही. खालच्या खोलीत निलेश फरशी लावत होता तर तुम्ही अडून बसलात, “मना साधा सिमेंटचा कोबाच पायजे.” आणि मग रोज संध्याकाळी खुर्ची टाकून तिथेच. शेजारी शेठ.

अकरा वर्षं मी वर टीव्हीसमोर आणि तुम्ही खाली! मला एकदा तरी खाली बोलावलंत? मी आपणहून आले नाही, हेही खरं. कुत्र्याच्या वासाने मला मळमळतं, असं चारचौघांत सांगायचे. खरं सांगू? मला त्याचा राग यायचा. तुमची दिवसभराची हकिगत त्याला आधी कळायची. मला जेवताना उरलीसुरली मिळायची.

तेरावं झालं तसं मी सुतक फिटल्याचं गोमूत्र घरभर शिंपडलं. वर पळीभर पुरलं. खाली मात्र बाटलीच उपडी केली! चारही कोपरे, दाराशी, तुमच्या खुर्चीखाली. वाटलं, त्यांचा जीव सगळ्यात जास्त इथे अडकला असेल, इथे हात आखडता नको.

चार दिवसांत खोलीला असा वास सुटला की नाकाला पदर लावूनही थांबवेना. शेठ कोपऱ्या-कोपऱ्यांत मुतून ठेवत होता. तुम्ही असताना त्याने घरात कधी थेंब सांडला नव्हता. मी फिनाईलने धुतलं, वास तसाच. संडासाचं ॲसिड ओतलं, तर फसफसून कोब्याला पांढरे खड्डे पडले आणि वास दुप्पट झाला. मग माझ्या अकलेने काय केलं असेल? जागा विटाळली म्हणून पुन्हा गोमूत्र! दर सोमवारी. आणि दर मंगळवारी शेठ पुन्हा तिथेच.

मी त्याला झाडूने मारलं. एकदा नाही, तीन-चारदा. तो भुंकलाही नाही. खुर्चीमागे जाऊन बसला. तुम्ही असतात तर झाडू माझ्या हातातून काढून घेतला असतात.

निलेशला ती खोली कुणाला तरी गोदामासाठी द्यायची होती. “आई, लोक येतात आणि वासानेच परत जातात. आणि तुला तरी कुठे आवडतो तो कुत्रा?” म्हणाला. भावाला फोन मीच केला.

पाठवण्याआधी इंजेक्शन द्यायला बुधवारी शेठला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे आपल्या निलेशपेक्षा लहान मुलगी आहे. तिला मी या म्हाताऱ्या शेठची सगळी तक्रार सांगितली. तिने काय काय वापरलंत विचारलं. गोमूत्राचं नाव निघालं तशी ती हातातलं ठेवून माझ्याकडे बघायलाच लागली.

“काकू, तुम्हाला ते पवित्र आहे. पण याच्या नाकाला ते दुसऱ्या जनावराचं मूत ना! त्याला वाटलं, कुणीतरी घुसलंय आपल्या जागेत. तुम्ही जितकं शिंपडलंत तितकं त्याने वरून केलं.”

“पण जागा आता त्याची कुठे राहिली?” मी म्हटलं.

“ते त्याला कुणी सांगितलंय का?”

अहो, मला तिथेच रडू आलं. खुर्ची होती, तुमची चादर होती, म्हणजे तुम्ही येणार, इतकंच त्याला ठाऊक. तुम्ही येईपर्यंत म्हातारा जागा राखत होता आणि मी त्याला मारत होते.

तिने मुताचा वास मुळापासून घालवणारं एक औषधी पाणी दिलं आणि डाग शोधायला जांभळ्या उजेडाची टॉर्च दिली. खालचा दिवा मालवून टॉर्च मारली, तर डाग पिवळे-हिरवे चमकले. कुठे? चार कोपरे, दार, खुर्चीखाली. जिथे जिथे माझा हात फिरला होता, नेमकं तिथेच! त्याच्या झोपायच्या जागी एक डाग नव्हता.

कोबा वरून दगडासारखा दिसतो, पण सगळं पिऊन घेतो म्हणे. वरवर पुसून भागत नाही. मी गुडघ्यांवर बसून आधी साध्या पाण्याने ॲसिड-फिनाईल धुऊन काढलं. मग ते औषध डबडबून ओतलं, आत जिरायला वर प्लास्टिक अंथरलं आणि दीड दिवस सुकू दिलं नाही. या तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या कामाकडे कुणीतरी लक्ष देऊन बघत होतं. शेठ दारात बसून होता. मी त्याच्याशी बोलत होते, चक्क! निलेश लहानपणी किती हट्टी होता ते सांगितलं. डाळीत मीठ जास्त पडलं तेही सांगितलं.

आज सकाळी कोबा सुकला. वास नाही. कोब्याचे खड्डे बुजवायला पुढच्या आठवड्यात गवंडी येईल, वरून पाणी न पिणाऱ्या रंगाचा हात मारून देईल.

दुपारी निलेशला सांगितलं, खोली द्यायची नाही आणि शेठही जायचा नाही.

“अगं पण का? आता तर वासही गेलाय!”

खरं कारण त्याला कळायचं नाही. तुम्हाला सांगते. रोज सहा वाजले की शेठ उठतो, दाराकडे तोंड करून बसतो आणि तळघरात येणाऱ्या उताराकडे बघत राहतो. आज मी त्याच्या शेजारी कोब्यावर बसले. बाहेर चप्पल वाजली. त्याने कान टवकारले आणि अहो, मीही पदर सारखा केला.

तुम्हाला शब्द देते, उद्यापासून सहा वाजता मी खाली असेन. त्याला एकट्याला वाट बघायला लावणार नाही.

तुमचीच,
यमुना