बाहुलीचे प्रस्थान

मुक्काम जानरावांचे शेत, मंगरूळपीरनजीक
मार्गशीर्ष वद्य षष्ठी, शके १८३०

प्रिय रुख्मिणी,

अठरा वर्षांत पहिल्यांदाच 'प्रिय' लिहिले म्हणून दचकू नकोस. एरवी तुझ्या नावामागची बिरुदे लिहिण्यातच कागदाचा पाव भाग संपतो, आणि आज कागद थोडा आहे. प्रयाग आज, या घडीला, बरी आहे. हे पत्र तुझ्या दादांकडून वाचून घेऊ नकोस. अक्षरे मीच तुला शिकवली आहेत; अडखळलीस तरी चालेल, पण बाळ निजल्यावर एकटीने वाच.

तू बाळंतपणाला गेलीस आणि दीड महिन्याने गावात उंदीर मरून पडू लागले. आधी बाजाराच्या गल्लीत, मग वेशीपाशी. लोक शेतात झोपड्या घालून राहायला निघाले. जानरावांनी त्यांच्या शेतात आपल्यासाठी जागा दिली आणि मी काय केले, तर पंचांग उघडले. सोमवारचा मुहूर्त उत्तम निघाला. पण झोपडीचा कूड अजून व्हायचा होता. म्हणून सोमवारी प्रस्थान ठेवले. माझे धोतर, तांदूळ, सुपारी असे गाठोडे पूर्वेच्या रामरावांच्या घरी ठेवले. गाठोडे निघाले म्हणजे आपणही निघालो, असे शास्त्र मानते. जानराव मात्र दारात उभे राहून म्हणाले, "महाराज, उंदरं काय पंचांग पाहून मरून राह्यले का? निंगा ना आता." मी त्यांना प्रस्थानाचा अर्थ समजावून सांगितला. फार छान समजावला.

प्रयाग ऐकत होती. तुझी लेक म्हणून मुकाट बसणे तिला ठाऊक नाही. "बाबा, तुमचं धोतर निघालं, मग माझ्या बाहुलीचं बिऱ्हाड काहून नाही?" ('काहून' तांड्यावरच्या धनीबाईकडून उचलले आहे, मी टोकणे सोडून दिले.) त्या बिऱ्हाडाची तुला कल्पना नाही. तू गेल्यापासून पोरीने लकडा लावला होता की बाहुलीच्या घरात काहीच नाही. तेव्हा ज्याच्याकडे दहा गावचे लोक लग्नतिथी काढायला येतात, तो तुझा नवरा रिकाम्या काडेपेट्या गोळा करीत हिंडला. तीन पेट्या एकावर एक चिकटवून कपाट केले, कप्पे ओढायला गुंजा लावल्या. ज्वारीच्या धांड्याच्या गाभ्याचे पाट कापले, बाभळीच्या काट्यांचे खिळे करून चौरंग ठोकला, करवंटीचा पाळणा टांगला. आणि एक बाज केली. सुतळी जाड पडत होती, म्हणून ती श्रावणीला उतरवलेल्या माझ्या जुन्या जानव्याने विणली. रागावू नकोस. आपल्या घरच्या बाजेपेक्षा ती ताठ झाली होती.

तर तिचा शास्त्रार्थ मला पटला, खरे म्हणजे त्याचे कौतुक वाटले. सारे बिऱ्हाड एका दुरडीत भरून मी स्वतःच्या हाताने रामरावांच्या घरी नेले आणि गाठोड्याशेजारी, ज्वारीच्या पोत्यांमागे, ठेवले. दिशा पाहिली, जागा पाहिली नाही. पाच दिवसांनी दुरडी घेतली आणि शेतात आलो.

दोन दिवस ती दुरडी पोरीच्या उशाशी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "हळू बोला, पाहुणा निजला आहे." बाजेवर उंदराचे पिल्लू होते. तिने त्याला चिंधीचे पांघरूण घातले होते आणि पुढे पाटावर भाताची तीन शिते वाढली होती. पाहुणा दुरडीतूनच आला होता, ती म्हणाली, पहिल्या दिवसापासून निजलाच आहे, फार दमला असेल. कोशातली उंदराची सगळी नावे मला पाठ आहेत; त्या वेळी एकही आठवले नाही. ती त्याला मांडीवर घ्यायला वाकली, तेव्हा मी हातानेच ते उचलले. फडके, काठी, काही शोधण्याचे भान नव्हते. दुरडीसकट सगळे आगीत घातले. प्रयाग रडली नाही. तिने एवढेच विचारले, "पाळणा पण?"

प्लेगच्या टोचणीवाल्या डॉक्टरांना गाठले. ते म्हणाले, दहा दिवस पाहा; ताप येतो का, काखेत, जांघेत गाठ येते का. आज सातवा दिवस. तिला न कळता कसे पाहावे? मग मी गुदगुल्यांचा खेळ काढला. सकाळ-संध्याकाळ मी तिच्या काखा चाचपतो आणि ती खिदळते. आजवर ज्या बापाने तिला पाठांतराखेरीज जवळ बसवले नाही, तो एकाएकी असा लाडात का आला, हे तिला कळत नाही, पण आवडते. ती हसत असते आणि मी गाठ शोधत असतो. भय म्हणजे काय, यावर मी प्रवचने केली आहेत, रुख्मिणी. मला त्यातले काही ठाऊक नव्हते.

काल संध्याकाळी तिने उलट मला गुदगुल्या केल्या. डाव्या काखेत. मी ओरडलो. तिला वाटले, मी हरलो.

मी लगेच बांधापलीकडे, पळसाखाली वेगळा झालो. प्रयाग धनीबाईकडे आहे, तांड्याच्या कडेच्या रिकाम्या झोपडीत. धनीबाईला दोन वर्षांमागे गाठ येऊन फुटली, त्यातून ती उठली. म्हणून ती भीत नाही. "महाराज, पोरीले म्या सांभाळतो, तुमी गप पडून राहा," एवढे बोलून ती तिला कडेवर घेऊन गेली. सोवळ्याचा विचार तुझ्या दादांनी करावा, मला सवड नाही. त्यांना आणखी तीन दिवसांनी पाठव. पोरीला ताप नसेल तरच त्यांनी न्यावे. तू बाळाला घेऊन येऊ नकोस, माझी शपथ आहे. अंगात ताप आहे. अक्षर वाकडे झाले असेल तर ते त्यामुळे.

आता मी हे का लिहिले ते सांगतो. उद्या लोक म्हणतील की पोरीने मेला उंदीर उशाशी ठेवला आणि बापाला खाल्ले. तिला पांढऱ्या पायाची म्हणतील, तुझ्या माहेरीही म्हणतील, आणि एखाद्या वाईट दिवशी तुझ्याही मनात येईल. मी उठलो तर हा कागद जाळ आणि मला हवे तेवढे हस. नाही उठलो, तर जपून ठेव, आणि जो तसे बोलेल त्याला माझ्या हातचे हे वाचून दाखव: मुहूर्त मी काढला, दुरडी मी ठेवली, पिल्लू मी उचलले. प्रयागने दमलेल्या पाहुण्याला पांघरूण घातले आणि जेवायला वाढले. ती मोठी झाली की तिलाही हेच सांग, दुसरे काही सांगू नकोस.

तुझाच,
शालिग्राम