मोटारीचा आरसा आणि लोणारची सोयरीक

उंद्री, ५ एप्रिल १९३७, सोमवार
मोटारीच्या पुढच्या काचेवरचा, मागचं पाहायचा आरसा आज पडला. माझा हात लागला नव्हता. कोपर लागलं. येत्या रविवारी आमच्या लेकीची, रुख्मिणीची सोयरीक पक्की करायला लोणारला उत्तमरावांकडे जायचं आहे. तोवर आरसा मी स्वतः बसवणार. कडूबा लोहार म्हणाला, चौकटीला भोक पाडून दोन स्क्रू मारतो, चहा होईस्तोवर काम होते. नको म्हटलं. हिंमतरावाला मोटार हाकता येते पण आरसा चिकटवता येत नाही, असं गावात कोणी म्हणायला नको.

६ एप्रिल
बाभळीचा डिंक लावला. फर्स्टक्लास बसला. सौ. सत्यभामाला बोलावून आणलं. ती अंगणात येईपर्यंत पडला. तिने सावकाश यायला नको होतं.

७ एप्रिल, दुपारी
सुताराकडून सरस आणला. उकळताना वास फार येतो. सौ.ने चुलीपासून हाकललं, म्हणून गोठ्यात उकळला. आरसा एकदम घट्ट. सोबत माझी दोन बोटंही घट्ट. गरम पाण्याने बोटं सुटली. आरसाही सुटला. म्हणजे सरस चांगला होता, पाणी जास्त झालं.

९ एप्रिल
लाख. सोनार दागिन्यात लाख भरतात, ते काय मूर्ख आहेत? सकाळी पक्का बसला. दुपारी मोटार उन्हात राहिली आणि आरसा ओघळत स्टिअरिंगवर आला. दोष उन्हाचा. पद्धत बरोबर आहे.
सौ. म्हणाली, कडूबाला बोलवा. मी म्हटलं, शहाणा माणूस पुढे पाहतो. तेव्हापासून तिने अबोला धरला आहे. विचार करायला निवांतपणा मिळाला.

१० एप्रिल
बोटांना विश्रांती.

लोणार, ११ एप्रिल, रविवार
उत्तमरावांच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. आत मला कोणी बोलावलेलं नाही.
सकाळी सौ.ला मागे बसवून निघालो. आरसा फडक्यात गुंडाळून तिच्या शेजारी ठेवला. अमडापूरला इंजिन तापलं. पाणी घातलं, निघालो. पुढे चिखली, मेहकर, सगळ्या वाटेने मी तिला इंजिनचं सायन्स समजावत होतो. एकदाही उलट उत्तर नाही. वाटलं, पटतंय तिला. इतकं छान बोलणं लग्नानंतर आमच्यात झालं नव्हतं.
उत्तमराव दारात उभेच होते. मी ऐटीत मागचं दार उघडलं. सीटवर आरसा होता. फडकं सरकलं होतं. आरशात मी.
उत्तमरावांनी विचारलं, "घरची मंडळी नाही आली काय?"
म्हटलं, "मागून येऊन राह्यली."
हे खोटं नव्हतं. चार वाजता उतारूंची सर्व्हिस मोटार आली, तीतून सौ. उतरली. सगळ्यांसमोर अबोला सोडला.
"मी अमडापूरले पाणी प्याले उतरली होती. एकडाव मागं वळून पाहाले मान त दुखत नव्हती ना तुमची?"
उत्तमरावांच्या घरातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तिला हाताला धरून आत नेलं. अर्ध्या तासात सोयरीक पक्की झाली. साखर मला बाहेर आणून दिली.

उंद्री, १४ एप्रिल
कडूबाने दोन स्क्रू मारले. चहा अजून गरम होता.
आरसा उत्तम बसला आहे. मागची सीट अगदी स्वच्छ दिसते.
लग्नाची लुगडी घ्यायला सौ. खामगावला गेली आहे. सर्व्हिस मोटारीने.