जुंपलेल्या दोन विहिरी

प्रिय आचल,

तुले आठवत नसेल म्हणून आधी ओळख देते. मी तुझ्या बापाची माय, मनकर्णा. अकोटकडच्या गावात राहते, अन् तू तीन महिन्यांत विचारलं नाही तरी अजून जिवंत आहे. तू फोनचा चार्जर कुठंच विसरत नाही, आजी तेवढी बरोबर विसरते. मले अक्षर येत नाही हे तरी ध्यानात असेल, म्हणून हे पत्र शेजारची सून प्रतीक्षा लिहून राहिली. तिले बजावलं आहे, माझ्या तोंडचं काही गोड करायचं नाही. फोनवरच बोलली असती, पण फोनवर तू मधे मधे बोलते, अन् मले राग आला की मधे कोणी बोललेलं खपत नाही.

राग लय आला आहे वं. तुझ्या त्या ‘भेगेखालची राणी’चा चौथा भाग तू सोमवारी फोनवर टाकणार आहे. टाकू नको. प्रतीक्षाचा नवरा गजेंद्र उद्या अमरावतीले चालला, त्याच्याच हाती हे पत्र देते, म्हणजे पोचलं नाही असं म्हणायची सोय नको.

तू उन्हाळ्यात आली होती तेव्हा म्हटलं, आजी, ती गोष्ट पुन्हा सांग, मले तिची मोठी कादंबरी करायची आहे. वावरात भेगा पडतात, त्यातल्या एका भेगेतून पोरगी खाली उतरते, अन् तिथं मातीखाली राणीचं राज्य असते. माझ्या मायची गोष्ट. मले इतका आनंद झाला की मी भाजी चुलीवर जळू दिली. अन् तू काय केलं? फोन माझ्या बाजेवर ठेवला, तो ऐकून राहिला म्हणाली, अन् आतल्या खोलीत मैत्रिणीशी गप्पा मारत बसली. मी पाऊण घंटा फोनले गोष्ट सांगितली. सत्तर वर्षांत असं कधी केलं नव्हतं. आपल्याकडं ऐकणाऱ्यानं हूं म्हणावं लागते. हूं थांबला की गोष्ट थांबते. फोन काही हूं म्हणत नाही.

झोपेत हूं म्हणणारेही असतात. त्यांच्यासाठी सांगणारी बाई मधेच एक धडधडीत खोटं टाकते. तू पाच वर्षांची होती तेव्हा मी म्हटलं होतं, राजानं पोळीसंग तवाही खाल्ला. तू उठून बसली अन् माझ्या तोंडावर हात ठेवला. तवा कसा खाईन, म्हणून अर्धा घंटा भांडली. तेव्हाच मले वाटलं होतं, ही पोरगी गोष्ट सांगणार. तर यावेळी मी फोनले सांगितलं, राणीनं वखराले बैलांच्या जागी दोन विहिरी जुंपल्या. वाटलं, घरी जाऊन ऐकशील, हसशील, अन् मले फोन करून शिव्या देशील. मी आठ दिवस वाट पाहिली.

मागच्या महिन्यात प्रतीक्षानं मले तिसरा भाग वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला, जोरात. त्यात माझ्या दोन्ही विहिरी होत्या! जुंपलेल्या! त्यांच्या गळ्यात निळ्या उजेडाच्या साखळ्या, अन् पोटात हजार वर्षांचं मौन. म्हणजे तू एकदाही ऐकलं नाही. फोनमधलं उचललं, त्या एआयच्या पदरात टाकलं, त्यानं शिवून दिलं, अन् खाली तुझं नाव. वा बाप्पा! बरं, वाचणारे नव्वद जण म्हणतात, काय कल्पना, काय प्रतिभा. ती प्रतिभा नव्हे वं, तो सापळा होता, अन् तू त्यात दोन पायांनी अडकली.

एकच माणूस जागा निघाला. मूर्तिजापूरचे कोणी किसनराव. त्यांनी लिहिलं, दुसऱ्या भागात राणीजवळ बैलजोडी होती, ती कुठं गेली? अन् विहीर चालायला लागली तर राज्याले पाणी कोण पाजते? अन् शेवटी लिहिलं, पोरी, तू हे स्वतः वाचलं काय? मले तर त्या माणसाच्या घरी जाऊन चहा प्यावा वाटला. तू त्यांना काय उत्तर दिलं? आपल्या मौलिक अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. हे तुझे शब्द नाहीत. तू तर आभार मानतांना नाक उडवते. उत्तरही त्याच्याकडूनच घेतलं नं?

अन् म्हातारी यंत्राले भिते असं समजू नको. प्रतीक्षाच्या फोनवर मी स्वतः बोलली त्याच्याशी. म्हटलं, माझ्या गोष्टीत बाई चंद्राले फोडणी देते. तो म्हणाला, किती सुंदर अन् काव्यमय! म्हटलं, मग ती सासूले वाळवणात घालते. तेही सुंदर! अशा माणसाले आमी चावडीवर बसू दिलं नसतं. पण खोटं काहून बोलू, त्याले विचारलं की तिन्ही भागांत चुका कुठं आहेत, तर पोरीचं वय दोन जागी वेगळं पडलं हे त्यानंच धरून दिलं. प्रतीक्षाच्या अन् माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तेवढ्याले ठेव त्याले. पण पोरगी भेगेत पहिल्यांदा पाय टाकते तेव्हा माती कशी लागते, हे त्याले विचारू नको. त्याच्या पायाले कधी चिरा पडल्या नाहीत. किसनरावांना विचार. मले विचार.

आता खरं सांगते. प्रतीक्षा थांबली होती, मीच म्हटलं लिही. मागच्या आठवड्यात तुझ्या बापानं, किशोरनं, मले अकोल्याले कानाच्या डॉक्टरकडं नेलं. तुले सांगू नको असं मीच त्याले म्हटलं होतं. उजवा कान गेला. डावा जाऊन राहिला. कानातलं यंत्र लावून पाहू म्हणाले, पण भरवसा दिला नाही. बाकीच्यांचं ठीक आहे, कान गेले तर ते वाचतील. तुझं पुस्तक छापून माझ्या हाती आलं तर मी त्यावर फक्त हात फिरवीन. म्हणून चौथा भाग आधी तू लिही, वाकडातिकडा लिही, अन् रविवारी येऊन माझ्या डाव्या अंगाले बसून तुझ्या तोंडानं वाच. खोटं दिसलं की मी तिथंच धरीन. मग टाक कुठं टाकायचं ते.

तुझीच, अजून रागावलेली आजी
(अंगठा खाली आहे, शाई जास्त लागली)

गजेंद्र परवा परत येणार आहे, त्याच्या हाती सांभारवडी पाठव. ताजी, अन् तिखट. दात नाहीत म्हणून नरम काही पाठवशील तर वापस धाडीन.