मासे जिथून मागे फिरतात

सरे, १२ मार्च २००९

चि. उन्मेषला,
अ. उ. आ.

फोनवर बोलायला गेले की रडूच येतं, म्हणून लिहितेय. जयदीपला जाऊन येत्या ऑगस्टात दोन वर्षं होतील. माझं पोर ज्या नदीत त्या वल्हवायच्या कनू होडीसकट बुडालं, तिला नकाशात नावच नाही, नुसती निळी रेघ, हे तूच मला दाखवलंस. ते काही केल्या सहन होत नाही रे. नदीला त्याचं नाव मिळावं म्हणून अप्लाय करायचंय. नद्या-डोंगरांना नावं देणाऱ्या तिकडच्या सरकारी ऑफिसातून फॉर्म मागवलाय, सोबत आहे. तू नकाशांच्या सॉफ्टवेअरमधला माणूस, तूच भर. तुझे भाऊजी म्हणतात, उन्मेषकडे कागद गेला की वर्षाची निश्चिंती. तेवढं खोटं पाड बाबा.

बेसमेंटमध्ये जयदीपचे विंटर बूट अजून तसेच आहेत. मी कुणाला हलवू देत नाही.

माया आहेच, ती हक्काने मागत जा.
तुझी ताई,
अरुणा

किचनर, १९ एप्रिल २००९

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

फॉर्म महिनाभर टेबलावर पडून आहे. भाऊजी खरे ठरले, पण कारण आळस नाही.

त्या नदीला नाव आहे, ताई. नकाशात नाही, पण काठावरच्या मूळ रहिवाशांच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मासे जिथून मागे फिरतात ती नदी, असं ते लोक तिला म्हणतात. खालून आलेले मासे धबधब्यापाशी अडतात, म्हणून.

आणि हे मला आज कळलेलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी जयदीपने त्या गावातल्या दुकानातून मला फोन केला होता. एका आजीबाईंनी त्याला हे नाव सांगितलं होतं. मामा, पुढे धबधबा असेल का, असं त्याने विचारलं. मी स्क्रीनवर पाहिलं. नाव नव्हतं, धबधब्याची खूण नव्हती. मी हसून म्हणालो, म्हाताऱ्यांच्या गोष्टी असतात त्या, आमच्या नकाशात काही नाही, जा बिनधास्त. तेवढा भाग जुन्या विमानी फोटोंवरून काढलेला आहे, कुणी तिथे जाऊन पाहिलेलं नाही, हे मला माहीत होतं. तरी म्हणालो.

त्यानंतर तुझ्या घरी येऊन राहिलो, तुझ्या हातचं जेवलो, आणि तोंड उघडलं नाही. मी भित्रा आहे, ताई.

माया आटली तर ती माझ्याच करणीने, हे जाणून,
तुझा
उन्मेष

सरे, ८ मे २००९

उन्मेष,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ते उठून गाडी घेऊन गेले, ते संध्याकाळी आले. तुला शिव्या घालायच्या म्हणून मी तीनदा कागद घेतला आणि टाकून दिला.

चूक माणसाच्या हातून होते. पण दोन वर्षं मी माझ्या मेलेल्या पोराला दोष देत होते, की कुणाला न विचारता पाण्यात उतरला असेल, घाईचाच होता. त्याने विचारलं होतं. आजीबाईंचं ऐकून घेऊन त्याने विचारलं होतं, हे तू मला सांगितलं नाहीस.

फॉर्म भरून त्या ऑफिसला पाठव. त्यात जयदीपचं नाव घालायचं नाही. गावाची हरकत नसेल तर त्यांचंच नाव घालायचं, त्यांच्याच भाषेत. धबधब्याची खूण तुमच्या नकाशात तू घालून घे, कुणाच्याही पाया पडावं लागलं तरी. आणि फॉर्ममध्ये कारणाचा रकाना आहे, तिथे जयदीपने काय विचारलं आणि तू काय उत्तर दिलंस ते स्वतःच्या हाताने लिही. खाली सही कर.

आशीर्वाद आत्ता लिहवत नाहीत. ते लिहून झालं की कळव.

अरुणा