तायडेला दिलेला सोमवार

५ जुलै १९५९, रविवार. अमरावती
हे आज एका मुलाला घेऊन आले. तायडे. धामणगावकडचा, बौद्ध घरचा, कॉलेजात पहिलं वर्ष. वसतिगृहात जागा नाही. सहा घरी जेवायचे वार लागले, एक राहिला. तो लागला नाही तर बाप परत नेऊन कापसाच्या जिनात कामाला लावणार. "कोणता वार देतेस?" यांनी विचारलं. मी चटकन म्हटलं, सोमवार. पोराचा चेहरा कसा फुलला!
सोमवारी आमच्याकडे सगळ्यांचा उपास. दिवसा पंगतच नाही. मग तो कुठे बसेल, सासूबाई काय म्हणतील, प्रश्नच नाही. एवढं सगळं क्षणात सुचलं मला. शाबास गं बाई.

६ जुलै, सोमवार
आला. पडवीत भगर नि दाण्याची आमटी दिली.
"आज कोणता उपास हाय, काकू?"
"सोमवार रे. दर सोमवारी असतो."
"असं का."
ताट पुसून खाल्लं, गेला. संध्याकाळी गोळाभात, कढी करून आम्ही उपास सोडला. घास अडकला वगैरे काही नाही. दोनदा वाढून घेतलं मी.

१२ जुलै, रविवार
यांचे वकील मित्र चहाला. "वहिनी, बोलणारे पुष्कळ, तुम्ही करून दाखवलंत!" हे किती कौतुकाने बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० जुलै, सोमवार
"काल कुठे जेवलास?"
"रविवारवाले गावाले गेले होते, काकू."
म्हणजे काल काही नाही, आज भगर. 'रात्री ये' एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटेना. सासूबाई दारात बसल्या होत्या, असं लिहिणार होते. खोटं. त्या देवीला गेल्या होत्या.

२४ जुलै, शुक्रवार
सोमवारी तायडेला कॉलेजात घेरी आली. बाप न्यायला येतो म्हणतोय. "कुठेतरी धड जेवायला मिळत नसेल," हे म्हणाले. मी पोळी वाढत राहिले.

२७ जुलै, सोमवार
बोलले एकदाची. "आज रात्री ये. यांच्या शेजारी पान मांडते."
"मले समजलं होतं, काकू. पयल्याच दिवशी. पन सात वार लागले, असं बाबाले सांगता आलं ना."
पान मांडलं. कुणाचं ते कळल्यावर सासूबाई न जेवता उठल्या. तो आलाच नाही.

३ ऑगस्ट, सोमवार
सकाळी नेहमीच्या वेळेला आला. बापाने महिनाभर मुदत दिलीय.
"त्या रात्री का नाही आलास?"
"आजी उपाशी राहिल्या असत्या. भगर चालते मले."
"नाही चालत!" मी ओरडलेच.
सोमवारी सकाळी या घरात पहिल्यांदा भात टाकलाय. शिजतोय तोवर लिहिते. स्वयंपाकघरात दोन पाट मांडले. तो उंबऱ्याबाहेर उभा. सासूबाई तोंड फिरवून बसल्यात. हे कोर्टात जायचा काळा कोट घालून आले. "दुसरा पाट कुणाचा?"
"तुमचा," म्हणून मोकळी झाले. माझा का नाही म्हटलं?
हे घड्याळ बघताहेत. भात झाला.